मिसळ म्हणजे ‘हॉटेलात जेवणे’ नव्हे, असे मी समजत होतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या वाचकपत्रांच्या सदरात एका गृहस्थांचे पत्र आले होते. आशय असा की, हल्लीच्या सुनांना स्वयंपाकघर नकोसे झाले आहे, शनिवार-रविवार घरंच्या घरं हॉटेलांबाहेर नंबर लावून उभी असतात आणि कमावत्या माणसाचा पगार तिथेच जिरतो. ते वाचून मला इतके पटले की त्याच रात्री मी आपल्याला पाठिंब्याचे चार ओळींचे ईमेल धाडले. ते आपण छापले नाहीत याबद्दल आभारी आहे. कृपया यापुढेही छापू नये, एवढे सांगण्यासाठी हे पत्र. एवढेच सांगायचे तर एक ओळ पुरली असती, पण कारण सांगणे भाग आहे.

माझे वय ७१, राहणार नाशिक. वीज मंडळात आणि पुढे मंडळाच्या कंपन्या झाल्यावर त्यातल्या एकीत मिळून ३४ वर्षे लेखा विभागात काढली. त्यातली शेवटची अकरा अंतर्गत लेखापरीक्षणात. दुसऱ्याच्या व्हाउचरवर लाल टिंब देण्याची सवय सुटत नाही. ईमेल पाठवल्यावर वाटले, नुसता पाठिंबा काय कामाचा, पुरावा जोडला पाहिजे. आमच्या घरात आम्ही दोघे, मुलगा, सूनबाई, एक नात, एक नातू. मुलगा सातपूरला कंपनीत, सूनबाई बँकेत. जानेवारी ते मार्च असे ९० दिवस मी तपासायला घेतले. मुलाने आपल्या आणि सुनेच्या फोनमधून यूपीआयच्या नोंदी काढून दिल्या, बिले टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये होती, आणि माझी रोजची वही तर १९८० पासून आहेच. सौ. म्हणाली, “अहो, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, आता घराचं ऑडिट काढता का?” मी म्हटले, पेपरात द्यायचे आहे. त्यावर ती काही बोलली नाही. ती गप्प बसली तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

पहिले दोन दिवस माझ्या मनासारखे गेले. सगळे मिळून हॉटेलात गेल्याच्या सहा नोंदी निघाल्या. नातीचा वाढदिवस ४,१८० रुपये. मुलाच्या लग्नाचा वाढदिवस ३,४२०. धुळ्याचे पाहुणे आले तेव्हा ५,८६०. मुंबईहून येताना कसारा घाटाच्या अलीकडे ढाब्यावर १,८९०. एकदा इडली-डोसा १,४६०, आणि एका रविवारी सगळ्यांची मिसळ १,१४०. बेरीज १७,९५०. शिवाय फोनवरून मागवलेले १४ वेळा, त्याचे ६,७२०. एकूण २४,६७० रुपये. मी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या आणि जेवणाच्या टेबलावर कागद ठेवला.

सूनबाईने कागद नीट वाचला. तिला राग आला असेल तर तिने दाखवला नाही. बँकेत आहे, तिलाही कागद वाचता येतो. ती एवढेच म्हणाली, “बाबा, यात फक्त जेवणं धरलीत. खाणं कुठंय?”

संपादक महोदय, मी मराठी माणूस असून हा फरक मला ७१व्या वर्षी सुनेने दाखवला. आपल्याकडे ‘बाहेर जेवलो’ म्हणजे टेबल, मेनूकार्ड, कुटुंब आणि शेवटी बडीशेप. ‘बाहेर काहीतरी खाल्लं’ म्हणजे काही नाही. ‘चहापाणी’ तर त्याहूनही काही नाही, आणि ‘तोंडात टाकलं’ याचा तर खर्च असतो हेच कुणाला माहीत नाही. माझी वही बघितली तर ‘हॉटेल’ असा वेगळा रकाना आहे, लाल शाईतला. आणि चहा, वडापाव, भेळ, मिसळ हे सगळे ‘किरकोळ’मध्ये. त्याच ‘किरकोळ’मध्ये आगपेटी, पोस्टाची तिकिटे आणि चपलेची शिवणही आहे.

मिसळीबद्दल नाशिकबाहेरच्या वाचकांना थोडे सांगतो. आमच्याकडे मिसळ हा रविवार सकाळचा एक विधीच आहे. पूर्वी ती गावातल्या अंधाऱ्या खोलीत बाकड्यावर बसून खायची. आता शहराबाहेर शेतात शेड टाकून, झोके बांधून, चुलीवर रस्सा ठेवून मिसळीची मोठमोठी ठिकाणे उभी राहिली आहेत. कुठे कुठे लहान मुलांसाठी उंटसुद्धा असतो. सोबत पापड, दही, पुढे जिलेबी. रस्सा हवा तितका. सकाळी नऊला गाडी लावायला जागा नसते. आणि हे सगळे मी इतकी वर्षे ‘नाश्ता’ समजत आलो. मिसळ म्हणजे हॉटेलात जेवणे नव्हे, असे माझे ठाम मत होते. ठाम मत असले की बेरीज करावी लागत नाही, हा मोठा फायदा असतो.

केली बेरीज. आम्ही पाचजण निवृत्त मित्र आठवड्यातले सहा दिवस जॉगिंग ट्रॅकवर फिरायला जातो. (जॉगिंग कोणी करत नाही.) फिरून झाल्यावर चहा १५ रुपये, ९० दिवसांत ७८ वेळा, म्हणजे १,१७०. गुरुवारी आणि रविवारी मिसळ, १३० रुपयांची, २६ वेळा, ३,३८०. भाजी आणायच्या निमित्ताने संध्याकाळी कट्ट्यावर भेळ नाहीतर वडा, सरासरी ३५ रुपये, ४० वेळा, १,४००. ज्येष्ठ नागरिकांच्या महिन्याच्या बैठकीनंतरचे जेवण, तीन वेळा ३५० प्रमाणे १,०५०. एका मित्राला ७५ पूर्ण झाली त्या पार्टीची माझी वर्गणी ९००. एकूण ७,९०० रुपये. एकट्याचे.

आता कुटुंबाच्या सहा हॉटेलवाऱ्यांचे १७,९५० सहा माणसांत वाटले तर माणशी २,९९२ येतात. म्हणजे ज्या हॉटेलबाजीविरुद्ध मी आपल्याला लिहीत होतो, तिच्यातल्या माझ्या वाट्याच्या अडीच पटींहून जास्त मी ‘किरकोळ’मध्ये एकटाच खात होतो. आणखी एक गोष्ट लपवत नाही. सगळे मिळून मिसळ खायला गेलो त्या रविवारी सकाळी ट्रॅकवरून येताना माझी एक आधीच झाली होती. घरी सांगितले नव्हते. आता ती २६ मध्ये धरली आहे.

मग बाकीच्यांचेही ‘खाणे’ काढले. मुलाचे कंपनीचे कॅन्टीन आणि गेटबाहेरची टपरी मिळून ४,३००. नातवंडांचे शाळेचे कॅन्टीन, क्लासबाहेरचे मोमो वगैरे १,६४०. सूनबाई डबा नेते, तिचा बँकेतला चहा आणि कधीमधी सँडविच १,०५०. आणि सौ.चे ६० रुपये. मी दोनदा विचारले. मेन रोडला ब्लाऊजपीस आणायला गेली होती तेव्हा पाणीपुरी ४० आणि रसवंतीत उसाचा रस २०. तीन महिने, ६० रुपये. हा आकडा वहीत लिहिताना पेन जरा थांबले.

सगळे धरून तिमाहीचा आकडा ३९,६२० झाला, महिन्याला तेरा हजारांच्या वर. आमच्या घरचा सगळा खर्च महिन्याला साधारण ८८ हजार, त्यात पंधरा टक्के बाहेरच्या खाण्यावर. त्याच तीन महिन्यांत किराणा, दूध, भाजी मिळून ६१,४०० गेले. घरात दोन वेळचे शिजते त्याच्या जवळजवळ दोन तृतीयांश इतके आम्ही बाहेर ‘तोंडात टाकतो’.

आम्हीच असे आहोत की सगळेच, हे पाहावे म्हणून केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाचे २०२३-२४ चे घरगुती उपभोग खर्चाचे सर्वेक्षण नातीकडून डाउनलोड करून घेतले. शहरी भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये. त्यातला ३९.६८ टक्के खाण्यापिण्यावर. आणि खाण्यापिण्यात सर्वांत मोठा वाटा धान्याचा नाही, दुधाचाही नाही. पेये, नाश्ता आणि तयार पदार्थ या गटाचा तो आहे, ११.०९ टक्के. गहू-तांदूळ वगैरे धान्याचा वाटा ३.७६ टक्के. म्हणजे ज्या देशात ‘पोटाला भाकरी’ म्हणतात तिथे शहरातला माणूस भाकरीच्या धान्याच्या जवळजवळ तिप्पट पैसे चहा-फरसाण-तयार जेवणावर घालवतो. अर्थात या गटात बिस्किटाचा पुडा आणि घरी आणलेला पाकीटबंद चिवडाही येतो, त्यामुळे माझ्या आकड्याशी तो सरळ ताडून पाहता येणार नाही. लेखापरीक्षकाने अशी तळटीप टाकायलाच हवी. तरी सरासरीने तो माणशी ७७६ रुपये होतो आणि आमचा, बिस्किटे न धरता, २,२००. आम्ही काही गर्भश्रीमंत नाही. इतके जातात हे कोणाच्या लक्षात आले नव्हते, एवढेच.

फोनवरून मागवलेल्या १४ वेळांवर माझा विशेष डोळा होता. वाटले होते, इथे तरी आळस सापडेल. तारखा घेऊन बसलो. नऊ वेळा अशा की सूनबाई घरी यायला रात्रीचे साडेआठ झाले होते, बहुतेक मार्चमधल्या. बँकेचे वर्षअखेर मला शिकवायला नको, मीही ते ३४ वर्षे केले, आणि तेव्हा घरी आल्यावर ताट वाढलेले असायचे. तीन वेळा क्रिकेटची मॅच, त्यात फर्माईश नातवाची आणि माझी. उरल्या दोन. त्या निव्वळ आळसाच्या, असे सूनबाईनेच कबूल केले. चौदात दोन! इतकी कमी प्रकरणे निघाली तर ऑफिसात आम्ही फाईल बंद करायचो. अ‍ॅपवर मात्र एक तक्रार आहे. जी पनीरची भाजी त्या हॉटेलच्या काउंटरवर २४० ला मिळते ती अ‍ॅपवर २८५ ला होती, वर पॅकिंग, वर पोचवण्याचे, वर आणखी कसली तरी फी. चालत गेले तर सात मिनिटांचे अंतर आहे. आता मी पिशवी घेऊन जातो.

बिलांचेही सांगतो, कारण तिथे मी शहाणा आणि मूर्ख दोन्ही ठरलो. नातीच्या वाढदिवसाचे बिल घरी येऊन चष्मा लावून पाहिले तेव्हा कळले, की पदार्थ ३,६१९ चे, त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या दोन्हींवर ५ टक्के जीएसटी. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात धरता येत नाही, अशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे ४ जुलै २०२२ पासून आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ती उचलून धरली. तो नसता तर बिल ३,८०० झाले असते. ३८० रुपये गेले, कारण चष्मा घरी होता आणि नातीच्या मैत्रिणींसमोर भांडायला नको वाटले. हॉटेलवाले बहुधा याच दोन गोष्टींवर जगतात. उलट ढाब्यावर २० रुपये छापलेल्या पाण्याच्या बाटलीचे ३० लावले म्हणून मी चांगला वाद घातला, मालकाला ग्राहक मंचाची भीती घातली. नंतर वाचले तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच सांगून ठेवले आहे की हॉटेलात बसवून दिलेल्या बाटलीला छापील किमतीचे बंधन नाही. मुलगा तेव्हाच कोपर मारत होता.

आणि ‘जीएसटीमुळे हॉटेल महागले’ हे आमच्या कट्ट्यावरचे आवडते वाक्यही खोडावे लागले. जुलै २०१७ मध्ये वातानुकूलित हॉटेलला १८ आणि साध्याला १२ टक्के होता हे खरे, पण १५ नोव्हेंबर २०१७ पासून दोन्हींना ५ टक्केच आहे. (त्या बदल्यात हॉटेलवाल्यांना मालाच्या खरेदीवर भरलेल्या कराची मिळणारी वजावट गेली, त्यांनी ती मेनूकार्डात भरून काढली असेल, ते निराळे.) आमच्या मिसळवाल्याच्या बिलावर कर नसतो, कारण तो जीएसटीच्या छोट्या व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेत आहे. त्या योजनेतल्या माणसाला गिऱ्हाइकाकडून कर घेताच येत नाही. तरी १३० रुपये होतातच. तेल, बेसन, गॅस, पोऱ्याचा पगार, उंट.

आता धुळ्याच्या पाहुण्यांचे ५,८६०. याच नोंदीवर मी सगळ्यात जाड रेघ मारली होती. नऊ माणसे, माणशी ६५१ रुपये. आणि धुळ्याची माणसे नाशकात येऊन मागवतात काय, तर शेवभाजी! घरी केले असते तर सामान फार तर १,५०० चे लागले असते. मी हे सौ.ला बोलून दाखवले. आलेले पाहुणे म्हणजे तिचाच भाऊ, भावजय आणि त्यांचा मुलगा.

ती उठली, कपाटातून माझी १९८६ ची वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. कुठे काय आहे हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्या वर्षी माझा हातात पडणारा पगार १,४२० रुपये. ‘हॉटेल’च्या रकान्यात वर्षभरात चार नोंदी. आई, आम्ही दोघे आणि तेव्हा लहान असलेला मुलगा, उडप्याकडे डोसा-कॉफी, दर वेळी साडेअठरा रुपये. वर्षाचे ७४. हेच उदाहरण मी मुलाला नेहमी देत आलो, की आम्ही वर्षात चारदा जायचो. सौ.ने बोट ‘चहापाणी’वर ठेवले. ऑफिसचे कॅन्टीन, चारचा चहा, पगाराच्या दिवसाची भजी, महिन्याला सरासरी ४२ रुपये. वर्षाचे ५०४. कुटुंबाच्या जवळजवळ सातपट. मी हे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले होते आणि ४० वर्षे वाचले नव्हते.

मग तिने दिवाळीच्या महिन्याचे पान काढले. तिथे लिहिले होते, ‘किराणा जादा, ६५ रु.’ मला काही आठवेना. ती म्हणाली, “तुमचे साहेब आणि ऑफिसची माणसं जेवायला आली होती. अकरा जण. श्रीखंड, वालाची उसळ, दोन भाज्या, पुऱ्या. मी साडेचारला उठले होते. तुम्ही सगळे पुढच्या खोलीत हसत होता ते ऐकू येत होतं, कशावर हसताय ते कळत नव्हतं.”

धुळ्याचे पाहुणे आले त्या दिवशी हॉटेलात ती भावाच्या समोर बसली होती. गुडघ्यांमुळे तिला कडेची खुर्ची दिली होती. दोघे आईच्या आठवणी काढत होते, कुठल्याशा विहिरीची, कुठल्याशा चुलत्याची. मध्येच ती इतकी हसली की ठसका लागला. हे मी तेव्हा पाहिले होते, पण पाहताना माझे लक्ष मेनूकार्डाच्या उजव्या बाजूला होते. घरी जेवणे असती तर ती ओट्याशी असती, आणि भाऊ माझ्याशी निवडणुकीवर बोलत बसला असता. त्याला माझ्याशी बोलायला फारसे आवडत नाही, हेही मला माहीत आहे.

त्या ५,८६० वरची रेघ मी खोडली. खोडाखोड करायची नाही, चूक दुरुस्त करून सही करायची, असा आमच्या खात्याचा नियम होता, म्हणून बाजूला सही केली.

आपल्या सदरात पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांना माझी एकच विनंती आहे. त्यांनीही तीन महिन्यांचा कागद करावा. सुनेचा आधी करू नये. फिरायला जाऊन आल्यावर खिशात जी चिल्लर कमी भरते तिथून सुरुवात करावी. चहा धरावा, वडा धरावा, ‘आज मी देतो’ म्हणून मित्रांना पाजलेलेही धरावे. यूपीआय आल्यापासून पंधरा रुपयांचाही माग लागतो.

आमच्या घरात या तिमाहीपासून वहीत ‘हॉटेल’ आणि ‘किरकोळ’ मोडून ‘बाहेरचे खाणे’ असा एकच रकाना केला आहे, त्यात प्रत्येकाचे वेगळे खाते. माझी गुरुवारची मिसळ बंद आहे. मागच्या मंगळवारी सौ.ला म्हटले, तुझ्या खात्यात ६० रुपयेच आहेत, चल. गेलो. तिने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, रस्सा पातळ आहे, मटकी नीट शिजलेली नाही, आणि एवढ्याचे १३० घेतात? उरलेली मी संपवली. आता ते १३० तिच्या खात्यात टाकावेत की माझ्या, यावर अजून निर्णय व्हायचा आहे.

पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर सरकारी सर्वेक्षण, जीएसटी, पाण्याची बाटली, काहीही कापावे. फक्त माझे ७,९०० आणि सौ.चे ६० हे दोन आकडे कृपया तसेच ठेवावेत. अंक आला की ते घरी ताडून पाहिले जाणार आहेत.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक, नाशिक